सुरकुतीचे वय

नाशिकच्या कॉलेज रोडवर गेल्या काही वर्षांत त्वचेच्या दवाखान्यांच्या पाट्या बऱ्याच वाढल्या आहेत. आमच्यातल्या एकाची भाची, वय २७, लग्न ठरल्यावर अशाच एका दवाखान्यात गेली, ती मुरुमांच्या डागांसाठी. परत आली ती एक प्रश्न घेऊन. तिला सांगण्यात आले की कपाळावर आत्ताच इंजेक्शने घेत राहिले तर पुढे सुरकुत्या पडणारच नाहीत, तिशी उलटल्यावर मात्र काम अवघड होते. तिच्या कपाळावर आम्हांला एकही रेघ दिसली नाही. "मामा, खरंच उशीर होतो का हो?" असे तिने विचारले. सरळ उत्तर देण्याऐवजी आम्ही पुस्तके काढून बसलो. हा आमचा जुना दोष.

पण बसलो ते बरे झाले. कारण कधी सुरुवात करावी हा प्रश्न जाहिरातवाल्यांनी काढलेला नाही. तो आयुर्वेदाच्या संहितांमध्ये जवळजवळ याच शब्दांत आला आहे. सुरकुतीला तेथे 'वली' म्हणतात, पिकल्या केसाला 'पलित', आणि दोन्ही मिळून म्हातारपणाची खूण. त्यावर उपाय म्हणून सांगितलेले रसायन कोणत्या वयात घ्यावे, याचे सुश्रुताचे उत्तर स्वच्छ आहे : पहिल्या वयात किंवा मध्यम वयात. वाग्भटही तेच म्हणतो. शरीर आधी शुद्ध केलेले असावे, मळक्या कापडावर रंग बसत नाही, असा दाखलाही सुश्रुत देतो. म्हणजे खूण दिसण्याआधी आरंभ करा, हा सल्ला दवाखान्यातल्या बाईंनी प्रथम दिला असे नाही.

फरक आहे तो मोजमापात. सुश्रुताच्या हिशेबात मध्यम वय सोळापासून सत्तरीपर्यंत चालते. त्यात विशीपर्यंत वाढ, तिशीपर्यंत तारुण्य, चाळिशीपर्यंत पूर्णता, आणि तेथून पुढे थोडी थोडी घट. वली, पलित आणि टक्कल यांनी घेरलेला, पावसात भिजून खचत चाललेल्या जुन्या घरासारखा म्हातारा सत्तरीनंतर येतो. चरक जरा कडक आहे, तो साठीनंतर माणसाला वृद्ध म्हणतो. तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमाराचा शार्ङ्गधर तर दशकवार कोष्टकच देतो : पहिल्या दहा वर्षांत बालपण सरते, दुसऱ्या दशकात वाढ, तिसऱ्यात छवी म्हणजे कांती, चौथ्यात मेधा, पाचव्यात त्वचा, सहाव्यात दृष्टी, आणि असेच पुढे. न्यायाने सांगायचे तर दवाखान्याच्या बाजूने येथे एक मुद्दा आहे. कांती तिशीतच जाते असे शार्ङ्गधर म्हणतो. पण कांती वेगळी, त्वचा वेगळी, हा भेद त्याने केला आणि त्वचेला आणखी वीस वर्षे दिली. हे कोष्टक आजही पंचवटीत गणेशवाडीच्या आयुर्वेद महाविद्यालयातली मुले परीक्षेसाठी पाठ करीत असतील. त्यांना पदवी देणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकलाच, म्हसरूळला आहे, आणि आधुनिक त्वचारोगतज्ज्ञही तेथूनच पदवी घेऊन बाहेर पडतात. दोन्ही शास्त्रे एका छताखाली आली, तरी वयाच्या हिशेबाची त्यांची गाठ पडलेली दिसत नाही.

रसायन कोणी घ्यावे, हेही पाहण्यासारखे आहे. चरकाने त्याचे दोन प्रकार सांगितले. एक कुटीप्रावेशिक : एकात एक अशा तीन दालनांच्या, बारीक झरोक्यांच्या कुटीत जाऊन राहायचे. हा ज्याच्याजवळ सवड, पैसा आणि मनोनिग्रह आहे त्याच्यासाठी. दुसरा वातातपिक : वाऱ्याउन्हात वावरणाऱ्या इतरेजनांसाठी, आणि तो कमी प्रतीचा. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीपासून तोडणीपर्यंत उन्हात उभ्या राहणाऱ्या बायकांना कोणत्या रकान्यात टाकायचे, हे चरकाने आधीच ठरवून ठेवलेले आहे.

आता ही इच्छा कोणाची होती ते पाहू. पुराणकथांत तारुण्य परत मागणारे दोघे प्रसिद्ध आहेत, च्यवन आणि ययाति. दोघेही पुरुष, आणि दोघांच्याही तारुण्याची किंमत दुसऱ्याच तरुण जिवाने भरली. वारुळात बसलेल्या च्यवनाचे डोळे सुकन्येने नकळत टोचले, म्हणून राजकन्येला त्या जख्ख ऋषीशी लग्न करावे लागले. अश्विनीकुमारांनी त्याला तरुण केले ते नंतर. ययातीचे तर सर्वांना ठाऊकच आहे. शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारपण आले तेव्हा तो मुलांपुढे जी तक्रार करतो, तिच्यात महाभारताने 'वली' हा शब्द घातला आहे. सुरकुत्या पडल्या, केस पिकले, पण माझे मन भरले नाही, तेव्हा तुमचे तारुण्य द्या. पुरूने दिले. खांडेकरांनी यावर १९५९ साली कादंबरी लिहिली, आणि आमच्या नाशिकच्या शिरवाडकरांनी १९६६ साली 'ययाति आणि देवयानी' हे नाटक. त्याच शिरवाडकरांचा 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आला, तेव्हा डॉ. श्रीराम लागू ४३ वर्षांचे होते आणि त्यांना म्हातारपण अंगावर चढवावे लागले होते. शार्ङ्गधराच्या हिशेबाने त्यांची त्वचा अजून जायची होती.

मग बायकांचे काय? याचे उत्तर शोधायला आम्हांला गावाबाहेर पांडवलेण्यांपर्यंतच जावे लागले. तेथे तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, तिने हे लेणे भिक्षूंना दान दिले. तेव्हा तिचा पराक्रमी मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी मरण पावलेला होता आणि नातू गादीवर होता. लेखात मुलाच्या चेहऱ्याचे वर्णन आहे : सूर्यकिरणांनी उमललेल्या कमळासारखा, पूर्णचंद्रासारखा. स्वतः बलश्रीचे वर्णन येते ते सत्य, दान, क्षमा, अहिंसा, तप, उपवास यांचे. चेहऱ्याबद्दल अक्षरही नाही. महाराजाची माता आणि महाराजाची आजी अशी ती ओळख करून देते. आता यात स्त्रीला देहापलीकडे पाहिल्याचे मोठेपण शोधावे, की म्हाताऱ्या बाईला चेहराच उरत नाही ही जगाची रीत पाहावी? आमच्यात यावर एकमत झाले नाही. एक मात्र खरे, सुरकुती ही तिच्या लेखी नोंदवण्याची किंवा झाकण्याची बाब नव्हती.

मराठीत याच प्रश्नाला दुसरे एक उत्तर आहे, आणि त्याचाही धागा नाशिक जिल्ह्यातून निघतो. ज्ञानेश्वरांचे गुरू आणि थोरले बंधू निवृत्तिनाथ यांना गहिनीनाथांचा उपदेश झाला तो ब्रह्मगिरीच्या परिसरात, असे परंपरा मानते. त्यांची समाधी त्र्यंबकेश्वरी आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानी माणसाची लक्षणे सांगताना म्हातारपणाचे जे वर्णन आले आहे, ते अंगावर येते. आजचे भरलेले अंग उद्या वाळलेल्या काचरीसारखे होणार, हे ज्ञानी माणूस भर तारुण्यात पाहून ठेवतो आणि हातपाय धड आहेत तोवर कामाला लागतो. ज्ञानेश्वरी १२९० सालची. परंपरेने १२७५ हे जन्मवर्ष धरले तर लिहिणारा पंधरा वर्षांचा होता! आरंभ लवकर करावा, हे येथेही आहेच. आरंभ कशाचा, एवढेच वेगळे.

विसाव्या शतकात मराठी घरात प्रसाधने आली तेव्हाही ओढ होती ती गोरेपणाची. अफगाण स्नोच्या बाटल्या, हळदीची मलमे यांनी रंगाचा धंदा केला. सुरकुती बाजारात आली ती उशिरा, आणि आली ती एका विषाच्या वाटेने. बिघडलेल्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचे वर्णन जर्मनीत केर्नर या डॉक्टरने १८२० च्या सुमारास केले. तिचा जंतू १८९५ मध्ये बेल्जियमच्या व्हॅन एर्मेंगेमला सापडला. सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅलन स्कॉट यांनी तेच विष तिरळेपणावर वापरले. कॅनडातल्या कॅरुथर्स दांपत्याला डोळ्यांच्या रुग्णांत भुवयांमधल्या आठ्याही नाहीशा झालेल्या दिसल्या, आणि १५ एप्रिल २००२ रोजी अमेरिकेने त्याला सौंदर्योपचार म्हणून परवानगी दिली. ते स्नायू लुळा करते, आणि त्याचा गुण तीन-चार महिने टिकतो. म्हणजे पंचविशीत आरंभ करून पासष्टीपर्यंत वर्षाला तीन वेळा म्हटले, तर एकशेवीस वेळा. कधी सुरुवात करावी याचा दुसरा अर्थ किती वर्षे पैसे भरावे असा होतो, हे आम्ही भाचीला कागदावर मांडून दाखवले.

आधी घेतले तर पुढे रेघा पडत नाहीत, याला आधार काय? वारंवार दाखवले जाते ते २००६ सालचे एका जुळ्या बहिणींचे उदाहरण. एकीने १३ वर्षे इंजेक्शने घेतली, दुसरीने दोनदाच; पहिलीच्या कपाळावर रेघा नव्हत्या. उदाहरण लक्षवेधक खरे, पण जोडी एकच. याउलट ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूरच्या चाचणीत पंचावन्नच्या आतले ९०३ लोक होते. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात साडेचार वर्षांत त्वचेचे वार्धक्य २४ टक्क्यांनी कमी दिसले. २०१३ साली हे प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्या वर्षी एका वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षे ट्रक चालवणाऱ्या माणसाचा फोटो छापून आला होता : खिडकीकडचा अर्धा चेहरा सुरकुत्यांनी भरलेला, दुसरा अर्धा बराच नितळ. वयाच्या नावावर आपण जे खपवतो त्यातले पुष्कळसे उन्हाचे असते. शिवाय आपल्या सावळ्या कातडीत सुरकुत्या गोऱ्या कातडीपेक्षा उशिरा येतात, डाग आधी येतात. परदेशी जाहिरातीतले वय उचलून येथे लावणे म्हणजे लंडनचे पंचांग पाहून गोदेवर स्नानाला निघणे.

चाळिशीत, पन्नाशीत, आरशात पाहून कोणाला वाटले की ही आठी नको, आणि तिने जाणत्या तज्ज्ञाकडून ती घालवून घेतली, तर त्यात आम्हांला काही गैर दिसत नाही. तेथे आठी तरी असते. जे अजून उगवलेले नाही त्याची भीती घालून सत्तावीस वर्षांच्या मुलीला एकशेवीस हप्त्यांच्या वाटेला लावणे, ही ययातीचीच तऱ्हा. फक्त आता तारुण्य मागणारा कोणी राजा नसतो, दुकान असते.

भाचीने सगळे ऐकून घेतले. डागांसाठी ती सरकारी रुग्णालयातल्या त्वचाविभागात जाऊन आली, मलम घेऊन आली, आणि सनस्क्रीनची एक नळी. इंजेक्शनांचे शार्ङ्गधराच्या पाचव्या दशकात बघू, असे म्हणून तिने नाकातोंडावरून स्कार्फ घट्ट बांधला, फक्त डोळे मोकळे ठेवले, आणि स्कूटर काढून भर दुपारी पंचवटीकडे गेली.