एका मनोऱ्याचें कॅथीड्रल

पणजीहून मांडवीच्या कांठाकांठानें पूर्वेकडे गेलें म्हणजे पांचसहा मैलांवर जुनें गोवें लागतें. तेथें माडांच्या पार्श्वभूमीवर एक भव्य शुभ्र इमारत उभी आहे. तिच्या दर्शनी भागाच्या एका अंगाला मनोरा आहे आणि दुसऱ्या अंगाला नुसतें आकाश! हेंच 'से' कॅथीड्रल. पोर्तुगीज भाषेंत 'से' म्हणजे पीठ. ज्या मंदिरांत बिशपाचें धर्मासन असतें, त्यास हें नांव. आशिया खंडांतील अत्यंत मोठ्या ख्रिस्तमंदिरांत त्याची गणना होते. परंतु त्याच्या आकाराहूनही विचार करावा असा त्याच्या बांधणीचा काळ आहे. साम्राज्याच्या भरतींत त्याचा पाया घातला गेला आणि तें पुरें झालें तेव्हां ओहोटी लागली होती.

२५ नोव्हेंबर १५१० रोजीं आफोन्सो द आल्बुकेर्क यानें आदिलशाही सैन्याचा पराभव करून गोवें घेतलें. तो दिवस अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनचा. म्हणून विजेत्यानें तिच्या नांवानें एक लहानसें प्रार्थनागृह उभारलें. पुढें १५३४ सालीं गोव्यास बिशपपीठ मिळालें व १५५७ सालीं आर्चबिशपपीठ. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून थेट चीन-जपानपर्यंतचा कारभार या पीठाकडे आला, आणि जुनें मंदिर त्या वैभवास अपुरें वाटूं लागलें. १५६२ सालीं राजा दों सेबास्तियांवच्या नांवानें नव्या बांधकामास आरंभ झाला, तेव्हां राजा अवघा आठ वर्षांचा होता. खर्च सरकारी तिजोरींतून व्हावयाचा होता. याच बेटावरील हिंदूंचीं देवळें १५४० च्या सुमारास जमीनदोस्त झालीं होतीं, आणि १५६० सालीं इन्क्विझिशनचें न्यायासन जवळच्याच जुन्या आदिलशाही वाड्यांत बसलें होतें. हा संदर्भ सोडून या मंदिराकडे नुसतें कलाकृति म्हणून पाहणें बरोबर होणार नाहीं.

काम चाललें तें पिढ्यान्‌पिढ्या. पाया घातल्यावर तीनच वर्षांनीं विजयनगर पडलें व तिकडे जाणाऱ्या घोड्यांच्या व्यापारावरील गोव्याची कमाई बुडाली. १५७० सालीं अली आदिलशहानें गोव्यास वेढा दिला. १५८० सालीं खुद्द पोर्तुगालच स्पेनच्या राजाकडे गेलें. मंदिराचें मुख्य शरीर १६१९ सालीं उभें राहिलें. पण वेद्या पुऱ्या व्हावयास १६५२ साल उजाडलें. तोंपर्यंत डच गलबतांनीं गोव्याची नाकेबंदी अनेकदां केली होती आणि मलाक्का हातचें गेलें होतें. नव्वद वर्षें खपून बांधलेलें हें मंदिर ज्या ऐश्वर्यासाठीं योजिलें होतें, तें ऐश्वर्य त्याची वाट पाहत थांबलें नाहीं.

इमारत सुमारें २५० फूट लांब असून तिचा दर्शनी भाग ११५ फूट उंच आहे. बाहेरचें रूप साध्या तुस्कन पद्धतीचें, तर आंतील थाट कोरिंथियन. पोर्तुगालमध्यें पोर्तालेग्रे, लैरिया या गांवीं त्याच सुमारास अशींच कॅथीड्रलें बांधलीं जात होतीं. त्या घराण्यांतलेंच हें एक. मात्र साहित्य अस्सल कोंकणचें: जांभा दगड आणि वर चुन्याचा गिलावा. सच्छिद्र जांभ्याला हा गिलावा म्हणजे पावसाळ्यांतील चिलखतच. आंत मधल्या दालनावर कमानदार छत आहे आणि दोहों बाजूंस उपमंदिरांच्या रांगा. प्रमुख वेदीमागील सोन्याच्या वर्खानें मढविलेल्या लांकडी पडदीवर संत कॅथरीनच्या चरित्रांतील व हौतात्म्यांतील प्रसंग कोरले आहेत. बाहेरच्या संयमानंतर हा झगमगाट एकदम डोळ्यांत भरतो.

उरलेल्या मनोऱ्यांत 'सुवर्णघंटा' टांगलेली आहे. इन्क्विझिशनच्या तुरुंगांत पडलेला फ्रेंच वैद्य देलाँ यानें १६७६ सालच्या शिक्षेच्या सोहळ्याचें वर्णन लिहून ठेविलें आहे. कॅथीड्रलची मोठी घंटा वाजली, की कैद्यांची मिरवणूक निघत असे. चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतल्यावर तेथील घंटा मेणवली, भीमाशंकर येथील देवळांत गेल्या, हें महाराष्ट्रास ठाऊक आहे. गोव्याची घंटा मात्र आपल्या जागींच राहिली.

ती तशी राहिली नसती, असा एक प्रसंग मात्र येऊन गेला. संत कॅथरीनच्या उत्सवाच्या आदल्याच रात्रीं, २४ नोव्हेंबर १६८३ रोजीं, संभाजी महाराजांच्या सैन्यानें शहरासमोरील जुवें बेटावरचा किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशीं तो परत घेण्यास गेलेला व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर पराभूत होऊन परतला आणि बॉं जेझूस मंदिरांत जाऊन त्यानें आपली राजकाठी फ्रान्सिस झेवियरच्या हातीं ठेविली. पुढें मोंगल फौज कोंकणांत उतरल्यामुळें मराठे माघारे फिरले व गोवें वांचलें. शहराच्या सुरक्षिततेवरचा विश्वास मात्र उडाला. राजधानी मुरगांवास नेण्याचा घाट घालण्यांत आला.

तो बेत तडीस गेला नाहीं. पण सांथींनीं शहर ओस पडतच होतें. १७५९ सालीं व्हाइसरॉय पणजीस राहावयास गेला. १७७६ सालीं कॅथीड्रलचा उत्तरेकडचा मनोरा कोसळला, आणि तो पुन्हां कोणीं बांधला नाहीं. कोणासाठीं बांधावयाचा? १८३५ सालीं धार्मिक संघ बरखास्त झाले, तेव्हां त्यांचे मठ ओस पडले व पुष्कळांचे दगड उचलले गेले. सेंट ऑगस्टीनच्या प्रचंड मंदिराचें छत १८४२ सालीं खालीं आलें. 'से' मात्र कोणा संघाच्या मालकीचें नव्हतें. तें आर्चबिशपाचें स्वतःचें मंदिर होतें, म्हणून तेथील पूजा अखंड चालू राहिली. १९८६ सालीं युनेस्कोनें जुन्या गोव्यांतील मंदिरांस व मठांस जागतिक वारशांत स्थान दिलें; त्यांत 'से' कॅथीड्रल एका मनोऱ्यासह आहे.