आरमाराची पावसाळी छावणी

गोंदियाच्या माणसानें समुद्रावर बोलावें, हें थोडेंसें विनोदाचेंच आहे. कोंकणचा किनारा आमच्यापासून शेंकडों मैल दूर. आमचें पाणी म्हणजे वैनगंगेचें, वाघ नदीचें, नवेगांव बांधासारख्या तलावांचें. मृग लागला कीं आमचा शेतकरी आभाळाकडे पाहत बसतो, कारण पाऊस आला तरच धानाची रोवणी व्हावयाची. आमच्या नद्यांचीही तीच गत. नागपूर प्रांताचा कापूस प्राणहिता-गोदावरीच्या मार्गानें समुद्राला नेण्याची एक मोठी योजना सर ऑर्थर कॉटन यांच्या पुढाकारानें निघाली होती. पण नदींत नौकेपुरतें पाणी असावयाचें तें पुराच्या चार-सहा महिन्यांतच, आणि वाटेंत खडकांचे मोठमोठे अडसर. अखेर १८७१ साली तें काम सोडून द्यावें लागलें. तेव्हां आमच्याकडे नाव पावसाची वाट पाहते. कोंकणांत नेमकें उलटें: तेथें नाव पाऊस जाण्याची वाट पाहते. या वाट पाहण्यानें आपल्या इतिहासांत एकदां केवढें रण माजविलें, तेंच आज सांगावयाचें आहे.

जूनपासून नैर्ऋत्येचा वारा थेट किनाऱ्यावर येतो. शिडाच्या जहाजाला याहून वाईट कांहीं नाहीं. कारण वारा त्याला खोल पाण्यांत न नेतां खडकाकडे ढकलतो. खाडीच्या मुखाशीं वाळूचे दांडे असतात, त्यांवर लाटा फुटूं लागल्या म्हणजे आंत शिरण्याची वाटही बंद होते. म्हणून पावसाळ्यापूर्वींच गलबतें खाडींत आणून ओढून घ्यावयाचीं, वर गवताचें छप्पर शाकारावयाचें, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत स्वस्थ बसावयाचें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यांत या छावणीचाही विचार केला आहे. पावसाळा सुरू होण्याच्या आधींच आरमार छावणीस आणावें, दरवर्षी त्याच एका बंदरास आणूं नये, असा त्यांचा कटाक्ष. रिकामे बसलेले खलाशी आणि शिपाई गांवाला कसे जड होतात, हें पंतांना पुरतें ठाऊक होतें. राज्यनीतीच्या ग्रंथांत ही इतकी घरगुती काळजी वाचून मला नेहमीं कौतुक वाटतें.

ऋतूबाहेरही वारा अडवीतच असे. १६६५ च्या आरंभीं शिवाजी महाराज मालवणाहून आरमार घेऊन बसरूरवर गेले. ग्रांट डफनें आपल्या १८२६ सालच्या इतिहासांत लिहिलें आहे कीं, परततांना वादळानें त्यांना खालीं लोटलें आणि वायव्येच्या वाऱ्यानें पुष्कळ दिवस परतूं दिलें नाहीं. घोड्यावरून एका रात्रींत कोसच्या कोस काटणाऱ्या त्या पुरुषाला वाऱ्याच्या मर्जीसाठीं तिष्ठत बसावें लागलें, तेव्हां काय वाटलें असेल!

परंतु खरा पेंच पडला तो मुंबईस. जंजिऱ्याचा सिद्दी मोंगलांचा आरमारी सरदार. दंडाराजपुरीच्या किनाऱ्यावर मराठ्यांच्या तोफा असल्यामुळें पावसाळ्यांत त्याच्या जहाजांना स्वतःच्या घरींही निर्धास्त राहतां येईना. मुंबईचें बंदर मात्र विस्तीर्ण आणि वाऱ्यापासून सुरक्षित. शिवाय १६६८ पासून तें इंग्रज कंपनीच्या ताब्यांत. सिद्दीनें माझगांवास जहाजें लावून पावसाळा काढण्याची परवानगी मागितली. कंपनीची कुचंबणा पाहा. नाहीं म्हणावें, तर सुरतेची वखार मोंगलांच्या मुठींत. हो म्हणावें, तर मुंबईला धान्य आणि लांकूडफाटा यावयाचा तो समोरच्या मराठी मुलुखांतून. गव्हर्नर ऑंजियर यानें टाळाटाळ पुष्कळ केली. पण सिद्दीचें आरमार येत राहिलें.

नुसतें आसऱ्यास आलें असतें तर गोष्ट वेगळी. माझगांवांत मुक्काम ठेवून सिद्दीचे लोक पेण-नागोठण्याकडील खाड्यांत शिरत, गांवें लुटीत, माणसें धरून नेत, आणि पुन्हा इंग्रजांच्या निशाणाच्या आडोशाला येऊन बसत. वादळांत सांपडलेल्याला आसरा देणें हा दर्यावर्दी लोकांचा धर्म खरा. पण आसऱ्याला आलेला पाहुणा शेजाऱ्याच्या घरावर दरोडे घालूं लागला, तर यजमान निर्दोष कसा राहील? माझ्या मतें कंपनीच्या अडचणी कितीही खऱ्या असल्या, तरी हा दोष तिच्या माथ्यावरून पुसतां येत नाहीं.

१६७८ च्या पावसाळ्यांत महाराजांनीं दौलतखान आणि दर्यासारंग यांना फौज देऊन पनवेलकडे धाडलें. माझगांवांत नांगरलेलें सिद्दीचें आरमार जाळावयाचें, असा बेत होता. तो फसला, सिद्दीला बंदरांत कोंडणाऱ्या पावसाळ्यानें मराठ्यांनाही खाडी ओलांडूं दिली नाहीं. मग पुढल्याच वर्षीं निराळा उपाय निघाला. मुंबई बंदराच्या तोंडाशीं, थळच्या समोर, खांदेरी नांवाचें ओसाड बेट आहे. १६७९ च्या ऑगस्टअखेर, पावसाळा पुरता सरला नसतांना, मायनाक भंडारी माणसें आणि तोफा घेऊन त्या बेटावर उतरला आणि तटाचें काम सुरू झालें. वेळ पाहण्यासारखी आहे: मोठीं जहाजें अजून बिचकत होतीं, आणि मराठ्यांच्या लहान होड्या त्यांच्या नाकावर टिच्चून सामान पोहोंचवीत होत्या.

इंग्रजांनीं बेट सोडण्याचा निरोप पाठविला; तो कोणी मानला नाहीं. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरण्याच्या प्रयत्नांत मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराशीं मोठी झुंज झाली; इंग्रजांची ‘डव्ह’ मराठ्यांच्या हातीं लागली, पण मिंचिन आणि केग्विन यांच्या ‘रिव्हेंज’नें एकटीनें टिकाव धरून मराठ्यांना मागें हटविलें. तरीही बेटावरचें काम थांबलें नाहीं. १६८० च्या आरंभीं सिद्दीनें शेजारची उंदेरी बळकावली, आणि इंग्रजांनीं वेढा आवरता घेतला. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. सिद्दीचें मुंबईस येणें मात्र संभाजी महाराजांच्या कारकीर्दींतही संपलें नाहीं.

२०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत खांदेरीही आहे. तिच्यावर १८६७ पासून दीपगृह आहे. समुद्राचें पंचांग मात्र बदललेलें नाहीं. एकट्यानें शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, कमांडर दिलीप दोंदे, ‘म्हादेई’ घेऊन मुंबईहून निघाले ते ऑगस्ट २००९ मध्यें, आणि परतले मे २०१० मध्यें, पुढचा पावसाळा किनाऱ्यावर येऊन थडकण्यापूर्वीं.