बुधवारची आठची वेळ आणि ठाणे-डोंबिवलीचा रेडिओ

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात 1950 ते 1980 या काळात ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या आठवणीत बुधवारची संध्याकाळ वेगळी असते. रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू होई आणि अमीन सयानी यांचा आवाज चाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू येई. रेडिओ प्रत्येक घरी नव्हता. ज्याच्याकडे होता त्याच्या दाराशी, गॅलरीत, ओट्यावर मुले जमत. कोणते गाणे कोणत्या पायदानावर आले याची नोंद अनेकांनी वहीत ठेवली होती. सरताज गीताचे बिगुल वाजेपर्यंत कोणी हलत नसे. दुसऱ्या दिवशीची परीक्षा ही सबब घरच्यांची, मुलांची नव्हे.

हिंदी चित्रपटाची गाणी ऐकण्यासाठी परदेशी केंद्र लावावे लागे, यामागे सरकारी धोरण होते. 1952 मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बा. वि. केसकर यांना चित्रपटसंगीत उथळ वाटे. त्यामुळे आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते सिलोनकडे वळले. त्याच वर्षाच्या अखेरीस गीतमाला सुरू झाली. घरातील वडीलधाऱ्यांचे मतही बहुधा केसकरांसारखेच असे. भावगीत चालेल, 'गीतरामायण' तर ऐकलेच पाहिजे, पण 'सिनेमातली' गाणी नकोत. रेडिओचा कान कोणी पिळायचा, हा त्या काळी घरोघरचा वाद होता.

यातील गंमत भूगोलाची आहे. गीतमालेचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई, म्हणजे डोंबिवलीपासून पन्नास किलोमीटरच्या आत. तेथून फिती विमानाने कोलंबोला जात आणि तेथील प्रक्षेपकावरून लघुलहरींवर सुमारे दीड हजार किलोमीटरचा उलटा प्रवास करून पुन्हा याच पट्ट्यातील घरांत येत. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात. हे थर स्थिर नसतात, म्हणून आवाज कधी भरून येई, तर कधी नेमक्या अंतऱ्याला विरून जाई. मग कोणी सुईचे बटण केसभर सरकवी, कोणी छताखाली ताणलेल्या जाळीच्या एरियलला हात लावून उभा राही. व्हॉल्व्हचे संच तापून बोलू लागायलाच वेळ घेत, म्हणून आठच्या आधीच रेडिओ लावून ठेवावा लागे.

या काळाशी ठाण्याचे आणखी एक नाते होते. तोंडात बोट घातलेल्या बाळाच्या चित्रामुळे घराघरांत ओळखीच्या झालेल्या मर्फी कंपनीचा कारखाना ठाण्यातच होता. रेडिओ बाळगण्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे आणि त्याच्या पुस्तिकेवर दरवर्षी तिकिटे चिकटवावी लागत. या पुस्तिका जुन्या कागदपत्रांत आजही काही घरांत सापडतात.

सिलोनला उत्तर म्हणून आकाशवाणीने 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू केली. 1967 मध्ये मुंबईत तिची व्यापारी सेवा आली आणि जाहिरातींची गाणीही मुलांना पाठ होऊ लागली. मराठी घरांत मुंबई केंद्राचे स्थान मात्र अढळ होते. 'कामगार सभा', 'वनिता मंडळ' आणि फर्माइशींची 'आपली आवड' यांवर घड्याळ लावले जाई. 'आपली आवड'मध्ये आपले नाव उच्चारले जावे म्हणून पोस्टकार्डे पाठवली जात. इंग्रजी पॉपचा श्रोता थोडा, पण तोही होता. कॉलेजात जाणाऱ्या थोरल्या भावंडांमुळे शनिवारी रात्री मुंबई 'ब' केंद्रावरील 'सॅटरडे डेट' धाकट्यांच्याही कानी पडे. शब्द कळत नसत, ठेका कळे.

ट्रान्झिस्टर आला तसा रेडिओ फळीवरून खाली उतरला आणि अंथरुणात, गच्चीवर, क्रिकेटच्या मैदानात पोहोचला. पुढे गीतमाला सिबाका झाली आणि 1989 मध्ये विविध भारतीवर आली. तोवर दूरदर्शनने संध्याकाळ बळकावली होती. 2002 मध्ये मुंबईत खासगी एफएम केंद्रे सुरू झाली, तेव्हा गाणे लोकलमध्येही आले, पण ते प्रत्येकाच्या स्वतंत्र इअरफोनमध्ये. अमीन सयानी यांचे 20 फेब्रुवारी 2024 रोजी मुंबईत निधन झाले. त्या दिवशी कल्याण-डोंबिवलीतील किती घरांत त्या जुन्या वह्या बाहेर निघाल्या असतील, याची मोजदाद नाही.