न पाहिलेला उतारा: उत्तर समोरच्या कागदावरच असतं

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतले दहावीचे विद्यार्थी नाशिक विभागीय मंडळातून परीक्षा देतात. मराठी कुमारभारतीच्या 80 गुणांच्या कृतिपत्रिकेत अपठित गद्याला 4 गुण आहेत. सहावीच्या प्रवेशासाठी होणाऱ्या नवोदय परीक्षेत तर भाषेचा सगळा भागच उताऱ्यांचा: 4 उतारे, 20 प्रश्न, 25 गुण. हे उतारे पाठ्यपुस्तकातले नसतात, त्यामुळे पाठांतर इथे कामाला येत नाही.

ओळखीच्या शब्दांचा चकवा

घरात उर्दू बोलणाऱ्या मुलांना अनोळखी शब्दापेक्षा ओळखीचा शब्द जास्त फसवतो. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण; मराठीत कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. उर्दूत राजीनामा म्हणजे समझोता. मराठीत पद सोडल्याचं पत्र. उर्दूत तकरार म्हणजे भांडण. मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणं. ‘त्याने तालमीत नाव कमावले’ या वाक्यातला पैलवान मुलाला शाळेतला हुशार मुलगा वाटला, तर पुढची उत्तरंही चुकतात. अशा शब्दांची एक वही घरीच करा.

उतारा कसा वाचायचा?

1. आधी प्रश्न वाचा. काय शोधायचं ते कळतं.

2. मग उतारा सलग वाचा. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारा, पण थांबू नका.

3. त्या शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांत शोधा. उदाहरणार्थ: ‘जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे दुसऱ्या भागातली केळी या नावाने विकता येत नाहीत.’ ‘मानांकन’ माहीत नसलं तरी दुसरं वाक्य सांगतं, की ही त्या भागाच्या मालाला मिळालेली नावाची ओळख आहे.

4. प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातल्या वाक्यावर बोट ठेवता आलं पाहिजे. रावेरच्या मुलाला केळीबद्दल पुष्कळ माहीत असतं. पण उताऱ्यात नसलेलं लिहायचं नाही. स्वतःचं मत विचारलं असेल तरच द्यायचं.

घरचा सराव

रोज दहा मिनिटं मुलांकडून वर्तमानपत्रातली एक छोटी बातमी वाचून घ्या. अम्मी-अब्बूंना मराठी वाचता येत नसेल तरी हरकत नाही. उर्दूतच विचारा: काय झालं, का झालं, आणि हे कुठल्या वाक्यात लिहिलंय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मूल बोट ठेवून द्यायला लागलं, की नवीन उताऱ्याची भीती कमी होते.