हरवलं कोण, सापडलं काय? ब्लूजच्या जुन्या तबकड्यांची गोष्ट

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बाईनं ब्लूजवर का बोलावं, असं मघाशी चहाच्या वेळी एकांनी विचारलं. रास्त प्रश्न आहे. मी संगीताची जाणकार नाही, गिटार मला नीट धरताही येत नाही. पण आयुष्यभर वर्गात मी 'जाणणं म्हणजे काय', 'आठवणं म्हणजे काय' हेच शिकवत आले, आणि या प्रश्नांची जिवंत उदाहरणं मला पाठ्यपुस्तकांपेक्षा या गाण्यांच्या इतिहासात जास्त सापडली. तेवढ्या अधिकारावर बोलते.

सुरुवात माझ्यापासूनच करते. सत्तरच्या दशकात मी पुण्यात शिकत होते. एका मैत्रिणीच्या भावाकडे 'क्रीम' या इंग्रज त्रिकुटाची रेकॉर्ड होती. त्यात 'आय ॲम सो ग्लॅड' नावाचं गाणं. ढणढणाट होता, पण आम्हाला वेड लागलं. रेकॉर्डच्या लेबलावर गाण्याच्या नावाखाली, कंसात, बारीक अक्षरांत 'स्किप जेम्स' असं छापलेलं होतं. मी ते वाचलं आणि विसरले. पुढे वीसेक वर्षांनी अमेरिकेला गेलेल्या एका विद्यार्थ्यानं मला एक कॅसेट पाठवली. लावली, तर तेच गाणं! पण एकटा माणूस, एकच गिटार, बोटं भन्नाट पळतायत, आणि वर एक उंच, बारीक, काळीज चिरणारा आवाज. खाली हातानं लिहिलं होतं : स्किप जेम्स, १९३१.

म्हणजे ज्याला मी इतकी वर्षं 'मूळ गाणं' समजत होते ते मूळ नव्हतंच. क्रीमनं ते केलं १९६६ साली. मग मधल्या पस्तीस वर्षांत तो माणूस होता कुठे? आज मला सांगायचंय ते या प्रश्नातून निघालं.

आधी ब्लूज म्हणजे काय ते थोडक्यात. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरी कायद्यानं संपली, पण कापसाच्या शेतांवर बटाईनं राबणारी कृष्णवर्णीय माणसं कर्जात अडकलेलीच राहिली. त्यांच्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे गाणं आकाराला आलं. ढोबळ रचना सोपी : एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. पुष्कळ ओळी कोणाच्याच मालकीच्या नसतात, त्या या गाण्यातून त्या गाण्यात फिरत राहतात. आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवा. ओवी कोणाची, असं तिथेही कोणी विचारत नाही. ज्या बाईनं म्हटली, त्या वेळेपुरती तिची.

आता या फिरत्या गाण्याला यंत्र भेटलं. १० ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कमध्ये मेमी स्मिथ या गायिकेनं 'ओके' कंपनीसाठी 'क्रेझी ब्लूज' गायलं. कृष्णवर्णीय बाईचा आवाज विकला जाईल यावर कंपन्यांचा विश्वास नव्हता. ती तबकडी धडाधड खपली, आणि मग सगळ्याच कंपन्या अशा आवाजांच्या शोधात निघाल्या. मा रेनी, बेसी स्मिथ पुढे आल्या. बेसी स्मिथची पहिली तबकडी १९२३ सालची.

या कंपन्यांत एक होती 'पॅरामाउंट'. सिनेमावाली नव्हे. विस्कॉन्सिन राज्यात खुर्च्या बनवणारा एक कारखाना होता. तो फोनोग्राफची लाकडी कपाटं बनवू लागला, आणि कपाटं खपावीत म्हणून तबकड्या काढू लागला. म्हणजे गाणं हे फर्निचरच्या धंद्याला लावलेलं शेपूट! आणि त्या शेपटावर मा रेनी, चार्ली पॅटन, सन हाउस, स्किप जेम्स ही माणसं आज टिकून आहेत. स्किप जेम्सची ती गाणी याच कंपनीनं ग्राफ्टन गावात, १९३१च्या फेब्रुवारीत मुद्रित केली. मंदी ऐन भरात होती, तबकड्या फारशा खपल्या नाहीत. थोड्याच वर्षांत कंपनी बंद पडली, आणि ज्या धातूच्या साच्यांवरून तबकड्या छापतात ते साचे भंगारात गेले.

इथे आपल्याकडचा एक धागा आहे. त्या तबकड्या शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या. ही लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जायची, छोटा नागपूरसारख्या जंगली भागांतून. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडला, तेव्हा अमेरिकेत जुन्या तबकड्या गोळा करून वितळवल्या गेल्या. त्यात काय काय गेलं याची मोजदाद कोण करणार? सन हाउसनं १९३० साली केलेल्या एका तबकडीचं नुसतं नाव माहीत होतं. तिची प्रत मिळायला सत्तर-पंचाहत्तर वर्षं लागली.

जे उरलं ते लोकांच्या घरांत उरलं, माळ्यावर, पलंगाखाली. चाळीस-पन्नासच्या दशकांत काही तरुण, बहुतेक गोरे, हे गोळा करू लागले. दारोदार जाऊन 'जुन्या रेकॉर्डी आहेत का' विचारायचे. १९५२ साली हॅरी स्मिथ नावाच्या एका विक्षिप्त संग्राहकानं आपल्या तबकड्यांतून चौऱ्याऐंशी गाणी निवडून एक संच काढला. त्यात मिसिसिपी जॉन हर्ट यांची दोन गाणी होती, १९२८ सालची. लोक ऐकायचे आणि समजायचे, हा माणूस केव्हाच गेला असणार.

पण १९२८ मध्येच हर्ट यांनी आपल्या गावावर एक गाणं केलं होतं, 'ॲव्हलॉन ब्लूज'. न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रणासाठी नेलेल्या माणसाला घरची आठवण आली, तिचं हे गाणं. ते ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी जुना नकाशा उघडला, मिसिसिपीत ॲव्हलॉन नावाचं ठिपक्याएवढं गाव सापडलं, आणि १९६३ साली टॉम हॉस्किन्स नावाचा तरुण तिथे जाऊन थडकला. हर्ट तिथेच होते! सत्तरीचे, शेतावर राबत, जवळ स्वतःची गिटारसुद्धा नाही. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारो लोकांसमोर ते गायले. पुढे तीन वर्षं जगले.

इतिहासात याला 'पुनर्शोध' म्हणतात. माझी हरकत या शब्दाला आहे. हर्ट हरवले होते कुठे? ते आपल्या गावात, आपल्या घरात होते. शेजारपाजारच्यांना ते गातात हेही माहीत होतं. हरवलेला असेल तर ऐकणारा हरवलेला होता. कोलंबसानं अमेरिका 'शोधली' म्हणतात, त्यातली गोष्ट. 'शोध' या शब्दात कोण कुठून बघतंय हे दडलेलं असतं.

पुढच्याच वर्षी, जून १९६४ मध्ये, दोन गट दोन माणसांना शोधत होते. एका गटाला स्किप जेम्स मिसिसिपीतल्या टुनिका इथल्या इस्पितळात सापडले. दुसरा गट सन हाउस यांच्या मागावर मिसिसिपीत फिरला, आणि ते निघाले शेकडो मैल उत्तरेला, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात. आता याच महिन्यात मिसिसिपीत आणखी काय घडलं तेही लक्षात ठेवा. कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीच्या मोहिमेतले तीन तरुण, जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर, बेपत्ता झाले. क्लू क्लक्स क्लॅननं त्यांचा खून केला होता. त्याच रस्त्यांवर काही तरुण जुनी गाणी शोधत होते, काही तरुण मताचा हक्क मागत होते. ही गाणी ऐकताना मी हे विसरू शकत नाही. गाणं आवडणं आणि ते गाणाऱ्याचा माणूस म्हणून हक्क मान्य असणं, या दोन गोष्टी आपोआप एकत्र येत नाहीत.

सन हाउस सापडले, पण त्यांनी कित्येक वर्षांत गिटार हातात घेतली नव्हती. आपलीच गाणी ते विसरले होते. मग ॲलन विल्सन नावाचा एक तरुण त्यांच्यासमोर बसला. वय वीस-एकवीस. त्यानं सन हाउसच्या जुन्या तबकड्या घोटून घोटून ऐकल्या होत्या. तो वाजवून दाखवायचा : हे तुम्ही १९३० साली असं वाजवलंत, हे पुढे बेचाळीस साली असं. आणि साठी ओलांडलेला तो उस्ताद आपलीच विद्या त्या पोराकडून परत शिकला.

प्लेटोच्या 'फीड्रस' संवादात एक कथा आहे. लेखनकलेचा शोध लावणारा देव मोठ्या अभिमानानं ती राजापुढे ठेवतो, तर राजा म्हणतो, यानं माणसांची स्मरणशक्ती वाढायची नाही, ती विसराळू होतील. ही कथा मी दरवर्षी शिकवायची. सन हाउसची गोष्ट कळल्यापासून तिच्यापुढे ही जोडून सांगू लागले. इथे गाणारा विसरला आणि लाखेच्या तबकडीनं लक्षात ठेवलं, हे तर खरंच. पण तबकडी एकटी काही करू शकत नव्हती. तिच्यातून गाणं आपल्या बोटांत उतरवून घेणारा कोणी लागला. तबकडी आणि माणूस दोन्ही असतील तेव्हाच स्मरण. १९६५ साली सन हाउस यांनी कोलंबिया कंपनीसाठी नवी रेकॉर्ड केली. ती ऐका आणि १९३०ची ऐका. आवाज जड झालाय, लय बदललीय, पण मधली पस्तीस वर्षं त्यात उतरलीत. यातलं अस्सल कुठलं? मला विचाराल तर दोन्ही.

आता या शोधाचा दोष सांगते, कारण तो सांगितला नाही तर गोष्ट फार गोड होते. शोधणाऱ्यांच्या मनात एक चित्र होतं : एकाकी पुरुष, खेडं, गिटार, दुःख. त्यांना तेच सापडत गेलं. ब्लूजच्या तबकड्यांचं युग ज्या बायकांनी सुरू केलं, भरजरी कपडे घालून रंगमंचावर गाणाऱ्या, हजारो तबकड्या खपवणाऱ्या, त्या 'फार व्यावसायिक' म्हणून कित्येक संग्राहकांनी बाजूला टाकल्या. दुर्मीळ ते अस्सल, आणि जे पुष्कळ लोकांना आवडलं ते हलकं, असा हा हिशोब. विचार करा, त्या काळच्या कृष्णवर्णीय श्रोत्यांनी स्वतःचे पैसे मोजून काय विकत घेतलं, यापेक्षा काय खपलं नाही याला जास्त मान मिळाला!

बेसी स्मिथ १९३७ मध्ये मोटार अपघातात गेल्या. फिलाडेल्फियाजवळ त्यांची कबर होती आणि तिच्यावर तेहतीस वर्षं साधा दगड नव्हता. तो बसला ऑगस्ट १९७० मध्ये. पैसे दोघींनी दिले. एक जॅनिस जॉप्लिन, रॉक गायिका, बेसीला गुरू मानणारी. दुसऱ्या वॉनिटा ग्रीन, लहानपणी बेसीच्या घरी काम केलेल्या. पुढच्या दोन महिन्यांत जॉप्लिन स्वतःच गेली, सत्ताविसाव्या वर्षी. पण ऋण फेडून गेली.

ऋण हा शब्द मी मुद्दाम वापरला. नव्या लोकांनी जुनी गाणी घ्यावीत की नाही, हा वाद मला फोल वाटतो. ब्लूज देवाणघेवाणीवरच वाढलं. सन हाउसचं ऐकून रॉबर्ट जॉन्सन शिकला, मडी वॉटर्स शिकला. मडी वॉटर्सनं शिकागोत त्याला वीज जोडली, आणि ते ऐकून इंग्लंडची पोरं शिकली. प्रश्न घेण्याचा नसून नाव पुसण्याचा आहे. विली डिक्सन यांनी लिहिलेलं 'यू नीड लव्ह' मडी वॉटर्सनं १९६२ साली गायलं. १९६९ मध्ये लेड झेपलिनचं 'होल लॉटा लव्ह' जगभर गाजलं, त्यावर डिक्सन यांचं नाव नव्हतं. डिक्सन १९८५ मध्ये कोर्टात गेले, दोन वर्षांनी तडजोड झाली. आज त्या गाण्यावर त्यांचंही नाव लागतं.

आणि आता ते माझ्या पुण्यातल्या रेकॉर्डवरचं कंसातलं नाव आठवा. क्रीमनं ते छापलं होतं. म्हणून स्किप जेम्सना मानधन मिळालं, आणि कॅन्सरशी झगडताना शेवटच्या वर्षांत ते कामी आलं. १९६९ मध्ये ते गेले. जे नाव मी वाचून विसरले, त्या दोन शब्दांवर एका म्हाताऱ्या माणसाच्या औषधपाण्याचा प्रश्न अवलंबून होता. हे कळलं त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

शेवटची गोष्ट सांगते आणि थांबते. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर याने सोडली, त्यांवर एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यात ब्लाइंड विली जॉन्सन यांचं १९२७चं एक ध्वनिमुद्रण आहे. ते गायचे धार्मिक गाणी, पण वाजवण्याचा ढंग ब्लूजचा. त्यात शब्द नाहीत, फक्त गिटार आणि हुंकार. १९४५ मध्ये हा माणूस टेक्सासात गरिबीत मेला. आणि त्याच तबकडीवर आपल्या गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. व्हॉयेजर एक सुटलं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईत निवर्तल्या. ती दोघं कधी भेटली नाहीत. आता सूर्यमालेच्या पलीकडे एकत्र चालली आहेत. ती तबकडी कोणाला सापडेल की नाही, ठाऊक नाही.

आपल्या हातातलं काम त्याहून सोपं आहे. तुम्ही रोज फोनवरून एकमेकांना गाणी पाठवता. जरूर पाठवा. फक्त खाली एक ओळ लिहा : आधी कोणी गायलं, कुठे, कोणत्या साली. ठाऊक नसेल तर दहा मिनिटं शोधा. कंसातली ती बारीक अक्षरं गळू देऊ नका.

आता स्किप जेम्स ऐकवते. १९३१चं. खरखर पुष्कळ आहे, जरा सवय होऊ द्या. मग क्रीमचं लावू.