ट्यूबलाइट : पट्टीनुसार निवड

ट्यूबलाइट ही कमी दाबाच्या पाऱ्याच्या वाफेची नळी. वाफेतून वीज गेली की अतिनील किरण निघतात आणि काचेच्या आतल्या फॉस्फरच्या लेपावर पडून त्यांचा दिसणारा प्रकाश होतो. १९३८ मध्ये अमेरिकेत तिची विक्री सुरू झाली. ही नळी थेट विजेवर चालत नाही. प्रवाह आवरायला चोक लागतो. म्हणून ट्यूब निवडायची ती पट्टी, म्हणजे ट्यूब आणि चोक बसवायची फिटिंग, पाहून. दुकानात मात्र गिऱ्हाईक ‘चार फुटी द्या’ एवढेच सांगते, आणि तेवढे पुरत नाही.

मापे. ‘टी’नंतरचा आकडा म्हणजे नळीचा व्यास, इंचाच्या आठव्या भागांत मोजलेला. टी-१२ ची जाडी ३८ मिमी, टी-८ ची २६ आणि टी-५ ची १६. चार फुटीत त्या अनुक्रमे ४०, ३६ आणि २८ वॅटच्या येतात. दोन फुटीत २०, १८ आणि १४ वॅटच्या. टी-१२ व टी-८ च्या पिनांमध्ये १३ मिमी अंतर असते, टी-५ मध्ये फक्त ५. शिवाय २८ वॅटची टी-५ ‘चार फुटी’ म्हणवली तरी जुन्या ट्यूबपेक्षा सुमारे ५ सेंमी आखूड असते. त्यामुळे जुन्या पट्टीत ती बसतच नाही.

चोक. तांब्याच्या ४० वॅटच्या चोकवर ३६ वॅटची टी-८ बिनधास्त लावावी. ४० वॅटची टी-१२ आणि ही टी-८, दोन्हींचा प्रवाह सुमारे ०.४३ अँपिअर आहे. त्याच चोकवर एकटी दोन फुटी लावली, तर तिला जास्त प्रवाह मिळतो आणि टोके लवकर काळी पडतात. अशा चोकवर दोन फुटी दोन ट्यूब एकामागे एक जोडता येतात, पण तेव्हा प्रत्येकीला ट्यूब पेटवणारा ४ ते २२ वॅटचा स्टार्टर लागतो. टी-५ ला इलेक्ट्रॉनिक चोकच हवा. त्याला स्टार्टर नसतो. तांब्याचा चोक स्वतः दहा-बारा वॅट खातो, तरी वर्षानुवर्षे टिकतो. ऊसपट्ट्यात शेतीपंपांच्या भारामुळे व्होल्टेज उतरले की तांब्याच्या चोकवरची ट्यूब नुसती फडफडते. तिथे इलेक्ट्रॉनिक चोक सरस ठरतो.

ट्यूब बदलण्याआधी टोके पाहावीत. ती काळी असतील तर दोष ट्यूबचा. दोन्ही टोके नुसती तांबूस उजळून राहत असतील, तर बहुधा स्टार्टर अडकलेला असतो, आणि तो ट्यूबपेक्षा कितीतरी स्वस्त.

रंग. ट्यूबवरचे ७६५, ८४०, ८६५ हे आकडे फार थोडे लोक वाचतात. पहिला अंक रंग कितपत खरे दिसतील ते सांगतो, पुढचे दोन प्रकाशाची छटा : ६५ म्हणजे ६,५०० केल्विनचा निळसर पांढरा, ४० म्हणजे मध्यम, ३० म्हणजे पिवळसर. ३६ वॅटची साधी ७६५ सुमारे २,५०० ल्यूमेन देते. तीन फॉस्फरची ८६५ सव्वातीन हजारांच्या आसपास. वीज तेवढीच, उजेड मात्र जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने जास्त. साड्यांच्या दुकानात ७६५ लावणे म्हणजे गिऱ्हाइकाला उन्हात गेल्यावर वेगळाच रंग दाखवणे.

जयसिंगपूर व यंत्रमाग. जयसिंगपूर ही शिरोळ तालुक्याची मोठी बाजारपेठ. जवळच इचलकरंजीचा यंत्रमागाचा पसारा. मागाच्या शेडमध्ये ट्यूबचा खरा कस लागतो. तांब्याच्या चोकवर ५० हर्ट्झची वीज ट्यूबला सेकंदाला शंभरदा लुकलुकवते. डोळ्याला ते जाणवत नाही, पण फिरणारा भाग थांबलेला किंवा सावकाश फिरताना भासू शकतो. लेथवरही हाच धोका. तीन फेजचे कनेक्शन असेल तर शेजारच्या पट्ट्या वेगवेगळ्या फेजवर घ्याव्यात, नाहीतर इलेक्ट्रॉनिक चोक बसवावा. तो हजारो हर्ट्झवर चालतो. कापडातला तुटका धागा दिसायला भरपूर उजेड लागतो, म्हणून इथे ८४० किंवा ८६५ च घ्यावी. कापसाची धूळ बसली की उजेड उतरतो. नवी ट्यूब आणण्याआधी जुनी पुसून पाहावी.

सद्यःस्थिती. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१० पासून ट्यूबवर तारांकन सक्तीचे केले. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२३ मधील जिनिव्हा बैठकीत सर्वसाधारण उजेडाच्या सरळ ट्यूबचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवण्याचे ठरले. भारत २०१८ पासून या कराराचा सदस्य आहे. त्यामुळे आज नवी पट्टी घ्यायची तर एलईडीची घ्यावी. जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवताना तिच्या खोक्यावरची जोडणी पाहावी : काहींना स्टार्टरच्या जागी सोबत आलेला नकली स्टार्टर लागतो, तर काहींसाठी चोक काढून थेट वीज द्यावी लागते. हे वायरमनकडूनच करून घ्यावे. बाद ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. २०१६ च्या ई-कचरा नियमांपासून असे दिवे ई-कचऱ्यात मोडतात, त्यामुळे ती न फोडता संकलन केंद्रावर द्यावी. घंटागाडीत टाकू नये.