भात, मीठ आणि म्हातारपणाचे ब्लडप्रेशर

'शंभर अधिक वय' हा हिशेब आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी ऐकला असेल. साठीच्या माणसाचे वरचे ब्लडप्रेशर १६० असले तरी ते वयाप्रमाणेच, असे समजत. हा समज किती महागात पडू शकतो हे अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यावरून कळते. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन या हृदयरोगतज्ज्ञाने तपासले तेव्हा त्यांचे प्रेशर १८६/१०८ होते. उपाय काय, तर डिजिटॅलिस, विश्रांती आणि कमी मिठाचे जेवण! १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा आकडा ३००/१९० होता. वय अवघे ६३.

त्याच सुमारास ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर नावाचे डॉक्टर, हिटलरच्या जर्मनीतून आलेले, रोग्यांना चक्क भात खायला घालत होते. भात, फळे, फळांचा रस आणि साखर. मीठ नाही, तूप नाही, डाळसुद्धा नाही. हा आहार थोडेच दिवस द्यायचा असा त्यांचा बेत. पण १९४२ साली एका बाईंना त्यांचे जर्मन वळणाचे इंग्रजी नीट कळले नाही म्हणे. दोन आठवड्यांनी यायचे ते दोन महिन्यांनी आल्या, आणि प्रेशर उतरलेले! पुढे पुष्कळ रोग्यांना गुण आला. क्लोरोथायझाइडची गोळी १९५८ साली बाजारात येईपर्यंत तर दुसरे फारसे काही हाताशी नव्हतेच.

पण वाचकहो, त्या आहारात प्रथिने दिवसाला जेमतेम २० ग्रॅम. उतारवयात आधीच स्नायू झिजतात, भूक मंदावते, कवळी नीट बसत नाही. अशा माणसाने प्रेशरच्या धास्तीने दूध, डाळ सोडून नुसत्या पेजेवर राहायचे, हे मला पटत नाही. आमच्या ओळखीतल्या एका आजोबांनी तसे केले. प्रेशर उतरले खरे, पण खुर्चीतून उठताना आधार लागू लागला.

'शंभर अधिक वय' मोडीत निघायला १९९१ उजाडले. साठीपुढच्या ४७३६ जणांवर अमेरिकेत झालेल्या प्रयोगात केवळ वरचा आकडा उतरवल्याने पक्षाघात ३६ टक्क्यांनी घटले. मग १९९८ साली ६० ते ८० वयाच्या ९७५ जणांवरचा दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात उपासमार नव्हती. मीठ थोडे कमी, आणि जे लठ्ठ होते त्यांचे वजन थोडे कमी, एवढेच. तेवढ्यावर कितीतरी जणांना गोळीवाचून राहता आले.

अलीकडे, २०२१ साली, चीनमधल्या ६०० खेड्यांतला निकाल आला. घरातले मीठ बदलून पाऊण भाग साधे नि पाव भाग पोटॅशियमचे मीठ दिले, तर पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण पोटॅशियम रक्तात साचते. आणि पानात मीठ वाढले नाही म्हणून लोणचे-पापड मोजायचे राहतात, ते राहू देऊ नयेत.